जुनं एचओ इंजिन दहा मिनिटांत तापून थांबतं, मोटर गेली का?

चाकजोडी
नमस्कार मंडळी. काकांनी त्यांच्या मॉडेल रेल्वेतलं जुनं डिझेल इंजिन मला दिलं, रुळांतून येणाऱ्या विजेवर चालणारं. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७. आत उघडी मोटर आहे, आर्मेचर (तारेचे वळसे असलेला फिरता भाग), चुंबक, त्याला वीज पोचवणारे ब्रश सगळं डोळ्यांना दिसतं. वीस-पंचवीस वर्षं खोक्यात पडून होतं. पहिल्या दिवशी ते हललंच नाही, म्हणून दांडा ज्यांत फिरतो त्या दोन्ही बुशांत तेल सोडलं, वर्मवर (दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरवर) सोडलं आणि कम्युटेटरवरही, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवरही सोडलं. लगेच सुरू झालं आणि मस्त पळालं.

आता मात्र दहा मिनिटं झाली की वेग पडतो, जळकट वास येतो, मोटरवर बोट ठेववत नाही. गार झालं की पुन्हा चालतं. मीटर जोडून पाहिला. सुरुवातीला ०.४५ अँपिअर, बंद पडायच्या बेतात आलं की ०.७. मोटर बदलून टाक असं दोघांनी सांगितलं. पण वरचे नंबर काकांनी स्वतःच्या हातानं रंगवलेत, आतली मोटरही तीच राहावी अशी फार इच्छा आहे. वाचेल का?

रूळकरी
आधी रूळ आणि चाकं अल्कोहोलनं पुसून घ्या. माझी निम्मी दुखणी तेवढ्यानंच गेली.

तांब्याची_तार
रूळ पुसायलाच हवेत, पण घाण रुळावर इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात. तापत नाही. इथे करंट वाढतोय, म्हणजे एकतर मोटरला ओढायला जड जातंय किंवा वीज वळशांतून न जाता आडवाटेनं निसटतेय. चाकजोडी, तुम्ही कम्युटेटरवर तेल सोडलंत हे वाचलं आणि माझा संशय तिथेच गेला. बहुतेक तुमची मोटर वाचेल. नवी मोटर आणायची घाई करू नका.

आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवा. मोटर गिअरपासून सोडवा आणि नुसती १२ व्होल्टवर पाच मिनिटं चालवा. तरीही तापली तर दोष मोटरमध्ये. नाही तापली तर गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय किंवा कुठेतरी काही अडकलंय. आणि एक सांभाळा, वर्म जागेवर असताना चाकं हातानं फिरवायला जाऊ नका. वर्म चाकाला फिरवतं, चाक वर्मला फिरवू शकत नाही. जोर लावलात तर प्लास्टिकचे दात जातील.

आता कम्युटेटर. ब्रश कार्बनचे असतात, ते सतत झिजतात आणि त्यांची पूड पडते. कोरडी पूड बरीचशी उडून जाते. तेल असलं की तिचा काळा चिखल होतो आणि कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ज्या बारीक फटी असतात त्यांत जाऊन बसतो. त्या फटी पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यासाठीच असतात. चिखल भरला की तिथून वीज आरपार जायला लागते, मोटरला काही काम न देता नुसती उष्णता होते. तेलानं इंजिन पहिल्यांदा छान पळालं कारण बुश मोकळे झाले. कम्युटेटरवरचं तेल त्याच वेळी आपलं काम करत होतं.

ब्रश काढताना स्प्रिंग डोळ्यांदेखत उडते आणि पुन्हा सापडत नाही, म्हणून हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा. कुठला ब्रश कुठल्या बाजूचा आणि त्याची वरची कड कुठली, ते फोटो काढून ठेवा. ब्रशचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं, बाजू बदलली की नव्यानं बसायला वेळ घेतं आणि तोवर ठिणग्या उडतात. एखाद्या ब्रशजवळ प्लास्टिकची नळी किंवा वॉशर असेल तर तिला जपा. ती न बसवता मोटर जोडली तर थेट शॉर्ट.

ब्रश निघाल्यावर पूर्ण गार मोटरवर मल्टीमीटर लावा. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, ५० अंशांनी तापलं तर साधारण २० टक्के, म्हणून गरम असताना घेतलेला आकडा फसवतो. तीन खांबांची (आर्मेचरवर तीन वळसे असलेली) मोटर असेल तर तीन पट्ट्या दिसतील. दोन-दोन पट्ट्यांवर टोकं टेकवून तीनही जोड्या मोजा. आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. इथे मोजून कळवा, मगच पुढचं सांगते. आणि कृपा करून आर्मेचर बाहेर काढू नका. जुन्या उघड्या मोटरींत बहुतेक अल्निको या मिश्रधातूचं चुंबक असतं. आर्मेचर निघालं की चुंबकाचं वर्तुळ तुटतं आणि त्याची ताकद कायमची उतरते. अशी मोटर रिकामी असताना उलट जास्त जोरात फिरते, ओझं आलं की करंट खाते आणि तापते. काढावंच लागलं तर त्याच क्षणी चुंबकाच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाचा तुकडा आडवा ठेवावा लागतो. सुरुवातीच्या काळात मला हे ठाऊक नव्हतं. माझी एक चांगली मोटर त्यात गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चाकजोडी
ताई, मोजलं. नुसती मोटर चालवली तरी तापतेय, म्हणजे दोष तिच्यातच. आकडे ९.१, १२.८ आणि १२.७ ओहम. एका जोडीचा एवढा कमी. वळसे जळून आत चिकटलेत ना?

तांब्याची_तार
शक्य आहे, पण इतक्यात तसं म्हणू नका. वळशाची वेष्टणं जळाली असतील तर फटी साफ करूनही आकडा तसाच राहील. चिखल असेल तर वर येईल. इतर दोन जोड्याही सारख्याच प्रमाणात खाली आल्यात, कारण तिन्ही वळसे एकमेकांना जोडलेले असतात. एका फटीतली गळती तिन्ही आकड्यांत दिसते, त्या जोडीत जास्त.

लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडनं सपाट, छिन्नीसारखं करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं करा आणि फटीतून लांबीच्या दिशेनं हळू ओढा. प्रत्येक वेळी टोक पांढऱ्या कापडावर पुसा. आधी काळं, मग राखाडी, मग नुसता ओलावा येईल. आर्मेचर बोटानं फिरवत तिन्ही फटी करा. सुई किंवा पिन वापरू नका, तांब्याच्या कडेला कूस उभी राहते आणि ती ब्रश खरवडते. पट्ट्यांवर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये भिजवून फिरवा. सँडपेपर अजिबात नको, त्याचे ओरखडे कानशीसारखे ब्रश खातात. तांबं चकचकीत नाही झालं, हलकं तपकिरी राहिलं तरी चालतं. गुळगुळीत असलं म्हणजे झालं.

वळशांवर अल्कोहोल ओतू नका, वार्निश मऊ पडू शकतं. बुशांतलं जुनं तेलही पुसून काढा आणि प्लास्टिकला चालणाऱ्या पातळ तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब प्रत्येक बुशाला द्या. कम्युटेटरकडच्या बुशाला त्याच्याही निम्मा, कारण फिरताना तेल दांड्यावरून सरकत पट्ट्यांवरच येतं.

खांबमोजणी
मध्येच विचारतो. मोटर ठीक झाली तर यात डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारी चकती) बसवता येईल का? माझ्याकडेही असंच एक आहे.

तांब्याची_तार
येईल, पण जुन्या इंजिनात एक ब्रश बऱ्याचदा थेट चौकटीला जोडलेला असतो आणि चौकट रुळाच्या एका बाजूला. तसंच ठेवून डिकोडर जोडलात तर तो पहिल्याच क्षणी जळेल. दोन्ही ब्रश चौकटीपासून तोडून नारिंगी आणि करड्या तारेला जोडायचे, लाल-काळी रुळांसाठी. जोडण्याआधी प्रत्येक ब्रश आणि चौकट यांत मीटर लावून काहीच जोड नाही ना हे पाहा. दुसरं, दांडा धरून मोटर अडवली असता ती किती करंट घेते ते क्षणभरच मोजा. १४ ओहमची मोटर १२ व्होल्टवर अडली तर ०.८५ च्या आसपास घेणार, म्हणजे निदान १ अँपिअर सलग देणारा डिकोडर हवा. कोअरलेस, म्हणजे आर्मेचरात लोखंड नसलेल्या मोटरचं गणित वेगळं असतं, ती हलकी असते आणि जुन्या पल्स पॉवरवर (धक्क्याधक्क्यानं दिलेल्या विजेवर) लवकर तापते. तुमची उघडी मोटर आहे, तिला ती भीती नाही.

चाकजोडी
तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या फटीतून जे निघालं ते डांबरासारखं होतं, कापडावर लांब काळी रेघ उठली. तीच ९.१ वाली जोडी. साफ झाल्यावर आकडे १४.०, १४.१, १३.९.

ताई, मोटर शाबूत आहे! वळसे जळालेत असं मी जवळजवळ धरूनच चाललो होतो.

मग गिअरबॉक्स उघडला. ग्रीस पिवळं मेण झालं होतं, तेही काढलं. मधल्या चाकाच्या दांड्याला गालिच्याचा लांब धागा इतका घट्ट गुंडाळलेला होता की चिमट्यानं सुटेना, नखांच्या बारीक कात्रीनं तुकडे करून काढला. दात सगळे मोजून पाहिले, तडा कुठेही नाही.

काल रात्री सलग चाळीस मिनिटं चालवलं. सहा डबे मागे, ०.२८ अँपिअर, शेवटपर्यंत तेवढाच. मोटर कोमट. सर्वात कमी वेगाला इंजिन सरकतंय हे कळायला स्लीपरांकडे बघावं लागतं. एक ब्रश ४ मिलिमीटर उरलाय, दुसरा ४.५. दोन्ही आकडे, तिन्ही ओहम आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली. बाजूला काकांचं जुनं अक्षर आहे, त्यांनीही तिथेच लिहून ठेवलं होतं, “कम्युटेटरला तेल नको.” झाकण मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं.