शाळेची नवी इमारत: आधी वर्ग की आधी चॅपेल?

पटसंख्या
आमच्या ख्रिस्ती शाळेला नवी इमारत हवी आहे आणि विश्वस्त मंडळात सरळ दोन तट पडलेत. मुलं वाढताहेत. ग्रंथालयात एक वर्ग भरतो, पुस्तकांची कपाटं व्हरांड्यात आलीत, आणि सगळी शाळा एकत्र मावेल अशी जागा नसल्यामुळे सकाळची प्रार्थना दोन तुकड्यांत होते. मंडळीतून दान चांगलं येतंय, पण सगळं एकदम बांधण्याइतकं नाही. एक गट म्हणतो, कर्ज काढा आणि वर्ग, सभागृह, चॅपेल (प्रार्थनामंदिर) एकाच दमात उभं करा. दुसरा म्हणतो, हातात आहे तेवढ्यात वर्ग बांधा, चॅपेल मागाहून.

मी दुसऱ्या गटात आहे. बायबलात लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं प्रभू सांगतो, आणि ते सांगणं शिष्यत्वाबद्दल असलं तरी उदाहरण बांधकामाचंच निवडलंय. कर्जाचा हप्ता शेवटी फीमधूनच जाणार. फी वाढली की सर्वांत आधी कोण गळतं हे शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. 1597 साली जोसेफ कालासान्झ या धर्मगुरूंनी रोममध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली, ती एका पॅरिश (स्थानिक) चर्चच्या खोल्यांत. इमारत नव्हती म्हणून मुलांना थांबवलं नाही. इमारतीपायी तीच मुलं बाहेर जाणार असतील तर आपण बांधतोय कोणासाठी?

घंटानाद
अजिबात सहमत नाही. कालासान्झ यांची शाळा चर्चच्या खोल्यांत भरली हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे प्रार्थनेची जागा आधीपासून होती, शाळा तिच्या आसऱ्याला आली. तुम्ही नेमकं उलट करायला निघालात.

'मागाहून' या शब्दाची मला भीती वाटते. वर्ग झाले की प्रयोगशाळा लागते, प्रयोगशाळा झाली की मैदानाला कुंपण, मग संगणक. प्रत्येक गरज खरीच असते, त्यामुळे चॅपेल दर वर्षी रास्त कारणाने पुढे ढकललं जातं. हाग्गय संदेष्टा नेमकं हेच विचारतो: माझं मंदिर ओसाड पडलेलं असताना तुम्ही तक्तपोशीच्या (लाकडी फळ्यांनी मढवलेल्या) घरांत राहावं काय?

आणि टप्प्याटप्प्याने बांधणं स्वस्त असतं हा समज चुकीचा आहे. कंत्राटदार परत आणायचा, परांची परत बांधायची, मालाचे दर तोवर चढलेले. शिवाय दुसऱ्या टप्प्याचं काम मुलांच्या डोक्यावर चालणार, शेजारी ड्रिल आणि आत परीक्षा.

पटसंख्या
दरवाढीचा मुद्दा मान्य. पण हाग्गयचे श्रोते स्वतःची घरं सजवत होते. वर्गखोल्या काही विश्वस्तांची घरं नव्हेत. मुलाला बसायला जागा देणं हीसुद्धा सेवाच आहे.

बार्सिलोनाचं उदाहरण घ्या. सग्राडा फमिलिया या चर्चचं काम चालू असताना वास्तुशिल्पी अंतोनी गौदी यांनी 1909 साली त्याच आवारात मजुरांच्या मुलांसाठी छोटी शाळा बांधली. साधी वीट, पातळ भिंती, वरती लाटेसारखं छप्पर. त्या वळणांमुळेच इतक्या पातळ बांधकामाला मजबुती आली. चर्च पूर्ण होण्याची वाट न पाहता मुलं शिकू लागली.

घंटानाद
त्या चर्चची पायाभरणी 1882 ची आहे हो! म्हणजे शाळेच्या 27 वर्षं आधी. आणि ती शाळा तात्पुरती म्हणूनच बांधलेली. तुमचं उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

नकाशावाला
मी शाळांच्या इमारतींचे आराखडे करतो, म्हणून मध्ये पडतो. आधी काय हा वाद तुम्ही फार लवकर काढलाय. आधी संपूर्ण जागेचा आराखडा कागदावर यायला हवा, शेवटच्या टप्प्यासकट. दावीद राजाला मंदिर बांधायची देवाची परवानगी नव्हती, तरी त्याने नमुना आपल्या मुलाच्या, शलमोनाच्या हाती दिला आणि लाकूड, लोखंड, पितळ जमवून ठेवलं (1 इतिहास 22 आणि 28). टप्पे करणं म्हणजे हे. पुढे दोन मजले चढवायचे असतील तर पाया आज तेवढा घाला. सांडपाण्याच्या वाहिन्या चॅपेलच्या जागेखालून नेऊ नका. इथे वाचवलेला पैसा पुढे कित्येक पटींनी जातो.

पण मला जे पोटतिडकीने सांगायचंय ते जिन्यांबद्दल. 1 डिसेंबर 1958 रोजी शिकागोमध्ये अवर लेडी ऑफ द एंजल्स या कॅथलिक शाळेला आग लागली. तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी. जिना उघडा होता, त्यामुळे तो धुराड्यासारखा धूर वर ओढत गेला. खालच्या मजल्यावर जिन्याला बंद दार होतं, सर्वांत वरच्या मजल्यावर नव्हतं. तिथले वर्ग खच्चून भरलेले. 92 मुलं आणि 3 नन गेल्या. लक्षात घ्या, ती इमारत कायद्याने नियमबाह्य नव्हती. नवे नियम जुन्या इमारतींना लागू नव्हते. त्या शाळेत श्रद्धा कमी नव्हती, मुलांवर प्रेम करणाऱ्या शिक्षिका होत्या. दार नव्हतं.

म्हणून दोन्ही गटांना विनंती: आजच्या व्हरांड्यात ठेवलेली ती कपाटं आजच हलवा. तो मुलांचा बाहेर पडायचा रस्ता आहे. आणि नवी इमारत एका टप्प्यात होवो की चार, जिने शेवटच्या पटसंख्येच्या हिशेबाने रुंद करा, बंदिस्त करा, दोन टोकांना ठेवा.

पटसंख्या
कपाटांचं आजच मुख्याध्यापकांशी बोलतो.

नकाशावाला, एक विचारू? वर्गांबरोबर एकच बहुउद्देशीय सभागृह बांधलं तर? प्रार्थना, खेळ, स्नेहसंमेलन सगळं त्यातच. चॅपेलचा प्रश्नच मिटेल.

नकाशावाला
मिटणार नाही. वर्गात बोललेला शब्द स्पष्ट पोचायला हवा, म्हणून आवाजाचं घुमणं साधारण 0.6 सेकंदांच्या आत ठेवतात. सामूहिक गायनाला त्याहून बरीच जास्त घुमारी लागते, तेव्हाच आवाज एकमेकांत मिसळतात. खेळाच्या हॉलला कठीण भिंती आणि उंच छत असतं, तिथे उपदेशातला अर्धा शब्द हरवतो. करता येतं, पण पडदे, ध्वनिशोषक फळ्या, साहित्याची कोठी यांचा खर्च धरूनच. कोठी विसरली की खुर्च्या जिन्याखाली येतात, आणि जिन्याखाली काय होतं ते वर लिहिलंय.

फळा_खडू
शिक्षिका म्हणून लिहिते. तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय, की मुलं वाढली म्हणजे शाळा वाढलीच पाहिजे. का? ज्या शाळेत प्रत्येक मुलाचं नाव प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं, तिथे मूल आजारी पडलं की शिपाईसुद्धा विचारतो. त्यासाठीच पालक आपल्याकडे येतात. प्रवेश थांबवा, आहे ती इमारत सुरक्षित करा, आणि जमलेलं दान पगारांवर खर्च करा. मी पूर्वी एका शाळेत होते, तिथे बांधकाम सुरू झालं तसे पगार मागे पडू लागले. उत्तम गणित शिकवणारे दोघे सोडून गेले. नव्या वर्गांना खिडक्या सुरेख होत्या, गणिताला माणूस नव्हता.

पटसंख्या
बाई, तुमचं दुखणं खरं आहे. पण प्रवेश थांबवायचा म्हणजे दारात आलेल्या कोणाला तरी परत पाठवायचं. मला ते जमणार नाही. पगाराचा निधी आणि इमारतीचा निधी वेगळा ठेवावा, पगाराच्या पैशाला बांधकामाने हात लावू नये, हा ठराव मात्र मी मांडतो.

फळा_खडू
परत पाठवणं कठीण आहे, मान्य. पण पन्नास मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलालाही आपण रोज परत पाठवत असतो. ठराव मांडाच, पण वर्गातली कमाल संख्याही त्यात लिहा.

घंटानाद
जिन्यांचं वाचून मी कर्जाबद्दल थोडा बदललोय. सुरक्षित वर्ग आधी, ठीक. पण माझ्या दोन अटी आहेत. पहिल्याच टप्प्यात एक छोटी प्रार्थनेची खोली हवी, दिवसभर उघडी, जिथे दुसरं काहीही ठेवलं जाणार नाही. घरी भांडण झालेलं मूल मधल्या सुट्टीत जाऊन बसू शकेल अशी. दुसरं, चॅपेलसाठी आलेलं दान वेगळ्या खात्यात, आणि बांधकामाची तारीख ठरावात लिहिलेली.

पटसंख्या
खोली आणि वेगळं खातं, दोन्ही मंजूर. खोली तळमजल्यावर घेऊ. तारखेला मात्र माझा विरोध कायम आहे. तारीख लिहिली की ती गाठायला शेवटी कर्जच काढलं जातं. त्याऐवजी असं लिहू की ठरलेला हिस्सा खात्यात जमल्यावर पाया खणायचा, आधी नाही.

घंटानाद
मग तो हिस्सा किती, हे आकड्यात लिहा. 'पुरेसा' असं लिहिलंत तर मी विरोधात मत देणार.