चित्रकाराशी गप्पा ठेवल्या, तर फ्रेमवाल्यालाही खुर्ची द्यायची का?

खडेबाजार (धागा यांचा)

आपल्या चित्रकला मंडळानं दिवाळीनंतर दर महिन्याला एक जाहीर गप्पांचा कार्यक्रम ठेवायचं ठरवलंय. समकालीन कलेच्या जगात काम करणाऱ्यांना बेळगावात बोलवायचं आणि मोकळेपणानं बोलतं करायचं. बेत उत्तम आहे. परवा बैठकीत यादी वाचली: पाच चित्रकार, एक शिल्पकार, मुंबईच्या एक क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनातली चित्रं निवडून मांडणी ठरवणाऱ्या. मी आणखी दोघांना सुचवलं, शहापुरातला फ्रेमवाला आणि वडगावातला चित्ररथ उभे करणारा. "ती कारागीर मंडळी, त्यांचं वेगळं बघू," म्हणून विषय संपवला गेला. मला ते पटलेलं नाही.

मी मुंबईत सहा वर्षं गॅलऱ्यांमधून चित्रं टांगायचं काम केलं. खोकी उघडायची, चित्राला कुठं ओरखडा, कुठं पोपडा आहे ते कागदावर लिहून घ्यायचं, मग लेव्हल लावून भिंतीवर चढवायचं. उद्घाटनाला चित्रकार प्रकाशाबद्दल बोलायचे. त्या खोलीतला प्रकाश आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत शिडीवर उभा राहून लावणारा पोरगा तेव्हा मागच्या दाराशी उभा असायचा. त्याला कधी कुणी काही विचारलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आजोबांच्या वेळचं एक जलरंगातलं चित्र घेऊन त्या फ्रेमवाल्याकडं गेलो. आभाळात तपकिरी ठिपके पडले होते. त्यानं मागचा कागद सुरीनं कापला, हार्डबोर्ड काढला आणि आधी वास घेतला. "काचेला टेकून बसलंय बघा. आपल्या हितं चार महिने भिंत ओली असती. काच गार पडली की आतनं घाम धरती, आणि तो कागद पितो." मग माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, कापलेली कड दाखवली. वरून पांढरी, आत बिस्किटाच्या रंगाची. स्वस्त बोर्डातलं आम्ल कागदात उतरतं. चित्राच्या चारी बाजूंनी तीच बिस्किटी रेघ उमटली होती. काच आणि कागद यांच्यात बोटभर नाही, नुसती दोन-तीन मिलिमीटर हवा ठेवली असती तर ते आभाळ वाचलं असतं.

हे कलेबद्दलचं बोलणं नाही, तर मग कशाबद्दलचं? माझं म्हणणं दोन वाक्यांत: चित्र ज्यांच्या ज्यांच्या हातातून जातं, त्या सगळ्यांना एकाच व्यासपीठावर बोलवा. आणि त्या प्रत्येकाला पैशांबद्दल विचारा.

टिळकवाडीचे सर

तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण माझा विरोध आहे आणि तो नोंदवतो.

मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आपल्या गावाला चित्र बघायची सवय लावणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. प्रदर्शनाला लोक येतात, चहा घेतात, सह्या करतात; एका चित्रापुढं कुणी दोन मिनिटं थांबत नाही. वर्षात आपल्याला जेमतेम दहा संध्याकाळी मिळणार. त्या माउंट आणि खिळ्यांवर घालवल्या, तर रेषा, रंग, अवकाश यांवर बोलायचं कधी?

आणि पैसा. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 चा, ते गेले 2001 साली. अत्यंत कमी बोलणारे, फारशी चित्रंही न काढणारे. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात 67 कोटींच्या वर गेलं. वर्तमानपत्रांत काय आलं? फक्त आकडा. त्या चित्रात काय आहे, कुणी लिहिलं? पैशाचा विषय एकदा निघाला की बाकी सगळं बुडतं.

खडेबाजार

सर, तुमचा मान राखून सांगतो, हेच उदाहरण माझ्याही कामाचं आहे. आकडा सगळ्यांना कळला, पण चित्रकाराच्या वाट्याला काय येतं हे कुणी विचारलं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं 53अ कलम आलं. मूळ चित्र पुन्हा दहा हजार रुपयांच्या वर विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा, जास्तीत जास्त 10 टक्के. किती टक्के ते ठरवायचं काम एका मंडळाकडं होतं. ते मंडळ दुसऱ्या मंडळात विलीन झालं आणि 2021 साली तेही बरखास्त झालं, अधिकार न्यायालयांकडं गेले. मी गॅलरीत सहा वर्षं काढली. हे कलम तिथं एकदाही कानावर आलं नाही. क्युरेटरबाई येणार आहेत, तर त्यांना हे विचारायचं नाही का?

निपाणी_जलरंग

मी चित्रकार आहे. निपाणीत राहते, कोल्हापूरला शिकले. दादांच्या बाजूनं लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या समूह-प्रदर्शनात माझी चार चित्रं होती. फ्रेम माझ्या खर्चानं, जाण्यायेण्याचं भाडं माझं, विकलं गेलं तर निम्मे पैसे गॅलरीचे. एक विकलं. त्यात फ्रेमचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. उरलेली तीन परत आली, त्यातल्या एकाचा कोपरा दुमडलेला. पाठवताना चित्राची अवस्था लिहून घेतलेला कागद माझ्याकडं नव्हता, कारण असा कागद करायचा असतो हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं कलेचं शिक्षण घेतलं, अवकाश आणि पोत यांवर पानंच्या पानं लिहिली, पण हे नाही.

दादा, तुमचं पहिलं पोस्ट वाचलं आणि कळलं की तो कागद करणारे तुम्ही इथं बेळगावातच आहात. तुमच्याशी दोन तास गप्पा झाल्या असत्या तर माझं एक चित्र वाचलं असतं.

एक सांगते. न्यूयॉर्कमध्ये 2008 साली कलावंतांनीच एक गट काढला. ना-नफा कलासंस्थांनी प्रदर्शनासाठी चित्रकाराला ठरलेलं मानधन द्यावं, म्हणून तो आजही झगडतोय. श्रीमंत शहरातल्या चित्रकारांना तोंड उघडावं लागलं, तर आपण संकोच कशाचा करायचा?

टिळकवाडीचे सर

ताई, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. तो दूर करायला कार्यशाळा घ्या, वकील बोलवा, मी पहिल्या रांगेत बसेन. पण जाहीर गप्पा वेगळ्या.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती स्पष्ट बोलतो. कारागिराला व्यासपीठावर बसवून आपण आपला मोठेपणा मिरवतो. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्या दिवशी त्याचं दुकान बंद राहतं, त्याची मजुरी बुडते. त्याला यातून काय मिळतं?

चव्हाट_गल्ली

सरांचा हा शेवटचा मुद्दा खरा आहे. आमच्या मंडळाच्या चित्ररथावर मी लहानपणापासून काम करालोय. वैशाखातली शिवजयंती झाली की मिरवणूक निघते ती पहाटेपर्यंत. ट्रॉलीवर आख्खा गड उभा करायचा, वर पोरं मावळे होऊन सजीव देखावा करणार, आणि सगळं विजेच्या तारेखालून जायला पाहिजे. पोत्याचं कापड प्लास्टरमध्ये बुडवून तारेच्या जाळीवर टाकायचं. ओलं असताना मुठीनं दाबलं की कातळ होतो, बोटानं ओढलं की पाण्याची घळ. वाळायच्या आत करायला पाहिजे, दुसरा चान्स नाही.

जे मुख्य करतात, त्या काकांना वर्षाला एकदा हार मिळतो. हाराचं काय करणार? गप्पांना बोलवा, पण चित्रकाराला जेवढं मानधन तेवढंच त्यांना. नाहीतर मी त्यांना येऊ देणार नाही.

खडेबाजार

मान्य. सगळ्यांना सारखं मानधन, आणि ते आधी जाहीर करायचं. बैठकीत हा ठराव मीच मांडतो.

घटप्रभा_काठ

मी गोकाकचा, घरी कन्नड, शाळा मराठी. वेगळा मुद्दा मांडतो.

यादीत सगळे मराठी बोलणारे दिसतात. गोकाकची रंगीत लाकडी फळं आणि खेळणी करणारे लोक इथून तासा-दीड तासावर आहेत. हलकं लाकूड, वर रंगाचे हात, केळं असं की लांबून माशी बसावी. ते कन्नडमध्ये बोलतील. खानापूरला कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्था आहे, तिथं दोन्ही भाषा चालतात. कलेच्या गप्पा एकाच भाषेत ठेवायच्या म्हटलं तर जिल्ह्यातले निम्मे हात बाहेर राहतात.

शहापूर_पेठ

माफ करा, पण इथं मी अडणार. पाटी असो की सरकारी कागद, मराठीला आधीच जागा उरलेली नाही. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनं दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवंच. निदान आमच्या मंडळाची एक संध्याकाळ तरी संपूर्ण मराठीत असू दे. मी कन्नडच्या विरोधात बोलत नाही. माझे वडील पाट्या रंगवायचे, खडूची दोरी मारून देवनागरीची शिरोरेषा आधी ओढायचे, आणि कन्नडची गोल वळणं एका दमात काढायचे. दोन्ही अक्षरांवर त्यांचं प्रेम होतं. फ्लेक्स आलं आणि दोन्ही ब्रश एकाच डब्यात वाळले. पण कार्यक्रम मराठीच हवा.

घटप्रभा_काठ

दादा, तुमच्या वडिलांनाच बोलवायला हवं होतं. ते कुठल्या भाषेत बोलले असते?

शहापूर_पेठ

ते दोन्हीत बोलले असते. 2019 ला गेले.

हिंदवाडी_ग्रंथ

थोडी माहिती. लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत 2006 साली क्युरेटर हान्स उलरिख ओब्रिस्ट आणि वास्तुरचनाकार रेम कूलहास यांनी सलग 24 तास मुलाखती घेतल्या होत्या. ओब्रिस्ट यांचा एक नेहमीचा प्रश्न आहे: तुमचं अपुरं राहिलेलं, कधीच प्रत्यक्षात न आलेलं काम कोणतं? मला हा प्रश्न फार आवडतो. पैशाबद्दल न विचारताही त्यातून पैसा, जागा, माणसं सगळं बाहेर येतं. सर आणि खडेबाजार, दोघांचंही काम यात होईल असं वाटतं.

चव्हाट_गल्ली

काकांना आत्ताच फोन करून विचारलं. म्हणाले, गड नाही, खालचं गाव करायचं होतं. पेटलेल्या चुली, दळणारी बाई, बांधलेली घोडी. पंधरा वर्षं आराखडा कपाटात आहे. मंडळ म्हणतं त्यात महाराज दिसत नाहीत.

टिळकवाडीचे सर

हा आराखडा मला बघायचा आहे.

चित्रकार रवी परांजपे 1935 साली याच गावात जन्मले, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झाले, 2022 साली पुण्यात वारले. कुलकर्णी सरांना मी कितीदा भेटलो, त्यांच्या चित्रांपुढं तासन् तास उभा राहिलो. पण आज आठवू लागलो तर त्यांचा कागद कुठून यायचा, चित्रं कोण फ्रेम करायचं, कुणी घेतली, यातलं एकही मी कधी विचारलं नाही. विचारणं असभ्य वाटायचं. ते बरोबर होतं असंच मला अजून वाटतं, आणि आता तो तपशील माझ्याकडं नाही, ही हळहळही आहे.

यादीवरचा माझा आक्षेप कायम आहे. पहिली संध्याकाळ चित्रकाराचीच हवी. दुसरी चित्ररथवाल्या काकांची ठेवायला माझी हरकत नाही, सारख्या मानधनावर. चित्राची किंमत मी कुणाला विचारणार नाही, ते तुम्ही विचारा.

खडेबाजार

विचारतो सर. फ्रेमवाल्याला कोणत्या महिन्यात बोलवायचं तेवढं बैठकीत ठरवू. जूनच्या आधी हवं, म्हणजे लोक घरी जाऊन भिंतीवरची चित्रं उतरवून मागून बघतील.