मदत हवी आहे: सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे आहेत, कार्ड चालत नाहीये

नौपाडा_डीटीपी
नमस्कार मंडळी. एका सॉफ्टवेअरचं रजिस्ट्रेशन करायचं आहे. परदेशी आहे, पैसे ऑनलाइनच भरायचे आहेत. कार्डाचे आकडे टाकले की पान फिरतं आणि ‘व्यवहार नाकारला’ येतं. ओटीपीसुद्धा येत नाही. खात्यात पैसे आहेत. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने ‘त्यांच्या वेबसाइटचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून परत पाठवलं. शाळांच्या आयकार्डांचा हंगाम तोंडावर आलाय, त्याआधी हे मिटवायचंय. कोणी केलंय का असं? लवकर सांगा.

घोडबंदरी
कोणतं सॉफ्टवेअर? कोणतं कार्ड? डेबिट की क्रेडिट?

महापे_मास्तर
दादा, पैसे कशाला भरताय? बहुतेक सगळ्यांना फुकटचा पर्याय असतो. नाव सांगा, पर्याय सांगतो.

नौपाडा_डीटीपी
दादा नाही, ताई. टोटल कमांडर आहे, दोन खिडक्यांत फाइली हाताळायचं सॉफ्टवेअर. पर्याय नकोय, पैसे भरायचेत. कार्ड डेबिट आहे.

महापे_मास्तर
माफ करा ताई. पण डबल कमांडर बघाच. तशाच दोन खिडक्या, मुक्तस्रोत (ओपन सोर्स), पूर्ण फुकट, लिनक्सवरही चालतं. मी ऑफिसातली सगळी मशीनं लिनक्सवर नेली, व्हायरसची कटकट संपली. तुम्हीही विंडोज सोडा.

कोपरीकर
डीटीपीवाल्यांना विंडोज सोडा म्हणताय? डिझाइनचं कोरल ड्रॉ कशावर चालवायचं त्यांनी? आणि गिऱ्हाईक जुन्या मराठी फॉन्टातली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतं, ती कुठे उघडायची?

महापे_मास्तर
युनिकोड वापरा म्हणावं गिऱ्हाइकांना. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. फक्त रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासा. पोटफोड्या ष हमखास बिघडतो.

नौपाडा_डीटीपी
फॉन्टचं मी विचारलेलंच नाही. कार्डाचं कोणी सांगेल का?

घोडबंदरी
ताई, कार्डावर व्हिसा, मास्टरकार्ड की रुपे लिहिलंय? आणि बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू आहे का? 16 मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा. तो बंद असेल तर बँक तिथल्या तिथे नाकारते, म्हणूनच ओटीपी आला नसेल. तसाही परदेशी पेमेंटला दर वेळी ओटीपी येतोच असं नाही.

तलावपाळी_७५
मी तर फाइली दाबून लहान करणारं विनरार वापरतो, 40 दिवसांची मुदत संपून वर्षं झाली. खिडकी येते, बंद करतो, काम चालू. टोटल कमांडरचंही तसंच ना? उघडताना 1, 2, 3 मधलं सांगितलेलं बटण दाबायचं आणि आत. एका बटणासाठी कोणी हजारो रुपये देतं का? फारच टोचत असेल तर रजिस्ट्रेशनची की-फाइल नेटवर पडलेली आहे.

नौपाडा_डीटीपी
तेच तर. दुकान काढलं तेव्हापासून आम्ही तेच बटण दाबतोय. मुदत 30 दिवसांची आहे, ती कधीच उलटली. शाळेतून पोरांचे फोटो येतात ते कॅमेऱ्याच्या नंबराने. ते सगळे हजेरी क्रमांकाने लावायचे, इयत्तेप्रमाणे फोल्डर करायचे, मग छपाई. टोटल कमांडरच्या मल्टी-रिनेममध्ये (सगळ्या फाइलींची नावं एकदम बदलतं) ते चुटकीसरशी होतं, हाताने केलं तर अख्खी संध्याकाळ जाईल आणि एका पोराच्या कार्डावर दुसऱ्याचं तोंड छापलं जाईल. लग्नसराईत पत्रिकांचंही तेच. या कामाचे मी शाळेकडून पैसे घेते. मग ज्याने हे बनवलं त्याला का द्यायचे नाहीत? चोरलेली की-फाइल मला नकोय.

सीवूड्स_काका
ताई, शाब्बास. थोडं मागचं सांगतो, कारण आधी वापरा, मग पैसे द्या ही ‘शेअरवेअर’ पद्धत आता पोरांना माहीतच नाही. 1982 साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांनी पीसी-फाइल ही सॉफ्टवेअरं अशी सोडली की कॉपी करा, मित्रांना द्या, आवडली तर पैसे पाठवा. पुढच्या वर्षी बॉब वॉलेस यांनी लिखाणासाठी पीसी-राइट काढलं. वॉलेस हे मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या नोकरदारांपैकी. त्यांची फ्लॉपी 10 डॉलरला, रजिस्ट्रेशन 75 डॉलरला, आणि तुमच्या कॉपीवरून कोणी रजिस्टर केलं तर त्यातले 25 डॉलर तुम्हाला! म्हणजे कॉपी करणारा हा चोर नाही, विक्रेता झाला. गिऱ्हाईक आधी वापरून बघेल आणि मग आठवणीने पैसे देईल, या विश्वासावर लोकांनी घरं चालवली. टोटल कमांडर त्याच परंपरेतलं. स्वित्झर्लंडचे क्रिस्टियान गिस्लर 1993 पासून ते चालवताहेत. आधी नाव विंडोज कमांडर होतं, 2002 साली बदललं. एकदा पैसे भरले की पुढच्या आवृत्त्या फुकट. दर महिन्याला भाडं उकळणाऱ्यांच्या काळात हे सोपं नाही हो.

तलावपाळी_७५
इतिहास छान. पण त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सगळं चोरीच्या सीडीवर मिळायचं, कोण रजिस्टर करत होतं?

सीवूड्स_काका
रजिस्टर करायचं तर डॉलर पाठवायचे कसे, हा तेव्हा खरा प्रश्न होता. आज खिशात कार्ड आहे. तेव्हाचं कारण आज लागू होत नाही.

घोडबंदरी
शिवाय दुकानात चोरीची की वापरणं म्हणजे कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब. 7 दिवस ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दुकानदाराला ती पळवाट नाही.

वागळे_इस्टेट_सीए
परदेशी पैसे पाठवताना 20 टक्के टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर) कापला जाईल, हिशेबात धरा.

घोडबंदरी
चूक. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत तो कापलाच जात नाही. ताई तेवढ्याचं सॉफ्टवेअर घेत नाहीयेत. उगाच घाबरवू नका.

वागळे_इस्टेट_सीए
मान्य. पण दुकानाची जीएसटी नोंदणी आहे का? असेल आणि सॉफ्टवेअर धंद्यासाठी असेल तर परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, 18 टक्के जीएसटी स्वतः भरावा लागेल. तुमच्या सीएला बिल दाखवा. आणि बँक चलन बदलण्याचे साधारण 2 ते 3.5 टक्के घेते, वर त्या रकमेवर जीएसटी. तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर परत नाकारेल.

नेरुळ_सॉफ्ट
कार्डाचं घोडबंदरी सांगताहेत, मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी हाऊसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर बनवतो. एकटाच आहे. एक सोसायटी घेते, सेक्रेटरी ती फाइल शेजारच्या तीन सोसायट्यांना देतो, आणि बिलात व्याज चुकलं की फोन चौघांचाही मलाच येतो. मी उत्तर देतो, कारण पलीकडे कोणाचं तरी बिल अडलेलं असतं. विंडोजची नवी आवृत्ती आली की प्रिंटिंग बिघडतं, ते रात्री बसून दुरुस्त करायचं, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. अशात एखादा जुना खजिनदार फोन करून म्हणतो, ‘आम्ही बरीच वर्षं न भरता वापरतोय, किती द्यायचे?’ तेव्हा पैशापेक्षा हे बरं वाटतं की काम कुणाला तरी दिसलं. पण पैसेही लागतातच, घरभाडं नेरुळचं आहे. ताई, तुम्ही भरा. आणि सोबत दोन ओळींची मेल करा, शाळेच्या आयकार्डांसाठी कसं वापरता ते लिहा. बनवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

महापे_मास्तर
मग मुक्तस्रोतवाल्यांनाही देणगी द्या की! ते लोक तर मागतही नाहीत.

नेरुळ_सॉफ्ट
बरोबर आहे, द्यायलाच हवी. तुम्ही डबल कमांडरला दिली आहे का?

महापे_मास्तर
नाही दिली. आज देतो.

नौपाडा_डीटीपी
घोडबंदरी, बघितलं. कार्ड रुपे आहे, सहकारी बँकेचं. ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ असा पर्यायच दिसत नाही. आता?

घोडबंदरी
मग हेच कारण. रुपे ग्लोबल असेल तर ते बाहेर डिस्कव्हर या अमेरिकी कार्ड कंपनीच्या जाळ्यावर चालतं, साधं रुपे बहुतेक परदेशी पानांवर चालत नाही. घरात कोणाचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे? त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन चालू करा, मर्यादा हवी तेवढीच ठेवा, पैसे गेले की परत बंद करा. आणि दुकानात किती जण वापरतात? कारण परवान्याची किंमत माणसांच्या संख्येवर ठरते. एकच माणूस दुकानात, घरी आणि लॅपटॉपवर वापरत असेल तर एक पुरतो.

नौपाडा_डीटीपी
मी आणि एक मुलगी. ती सकाळी असते, मी दुपारनंतर. मशीन एकच.

घोडबंदरी
माणसं दोन, तेव्हा दोन परवाने घेतलेले बरे. दोन जणांचा एकत्र घ्या, दोन वेगळे घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. ऑर्डरमध्ये नाव दुकानाचं लिहा, कार्ड कोणाचंही असू दे. नाव नीट तपासा, की-फाइल त्या नावावरच बनते.

कोपरीकर
ताई, नौपाड्यात कुठे आहे दुकान? गोखले रोडला असेल तर गाडी लावायला जागा आहे का? पुतण्याच्या पत्रिका छापायच्या आहेत.

नौपाडा_डीटीपी
कोपरीकर, गाडी आणूच नका, स्टेशनवरून चालत या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

बाकीच्यांना: भावाच्या व्हिसा क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय चालू केलं, लगेच पैसे गेले. दोन जणांचा घेतला, दुकानाच्या नावाने. पावती मेलवर आली, की-फाइल अजून नाही. नेरुळ_सॉफ्ट, आयकार्डांचं लिहून मेल केली, दोन ओळींच्या आठ ओळी झाल्या.

घोडबंदरी
स्पॅममध्ये बघा. मेलला जोडलेली की-फाइल wincmd.key नावाची असते, काही मेलसेवा अशा फाइली अडवतात. आली की टोटल कमांडरच्या फोल्डरमध्ये टाका आणि बंद करून परत उघडा. एक प्रत दुसरीकडे ठेवा, मशीन बदलल्यावर लागेल.

तलावपाळी_७५
ताई, भावाचं व्हिसा कार्ड कोणत्या बँकेचं ते व्यनिमध्ये सांगाल का? माझंही रुपेच आहे आणि विनरारचं भरून टाकतो म्हणतोय.