एर्टिगा डिझेल २०१६ ला २०१२ चा ईसीएम (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) चालेल का? (बजेट १२ हजार)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. माझी एर्टिगा झेडडीआय, २०१६ ची, एसएचव्हीएसवाली (सुझुकीची माइल्ड हायब्रिड), १ लाख ३८ हजार किमी झालेत. २२ जुलै २०२१ ला अख्खं चिपळूण पाण्यात होतं तेव्हा ही गाडी टेकडीवर मामांच्या अंगणात उभी, एक थेंब लागला नाही. आणि गेल्या महिन्यात वॉशिंगवाल्या पोराने बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप मारला. आधी चालता चालता बंद पडायला लागली, आता आठ दिवस झाले सुरूच होत नाही. स्टार्टर मारला की फिरतो, इंजिन धरत नाही. स्कॅनर लावला तर ईसीएम उत्तरच देत नाही. मेकॅनिकने सॉकेट काढून दाखवला, चार-पाच पिना हिरव्यागार.
नवीन ईसीएम प्रोग्रॅमिंगसकट ४६ हजार सांगितलाय. ओळखीच्या भंगारवाल्याकडे २०१२ च्या एर्टिगा डिझेलचा आहे, ९ हजार. १२४८ सीसीचं इंजिन तेच, टर्बोही तोच म्हणतो. टाकू का? बजेट १२ हजार, वर एक रुपया नाही. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी आहे, तेव्हा क्लेमचं सांगू नका.

नाना_कोथरूड
नवीनच घ्या. माझ्या सियाझला मी डोळे झाकून नवीन टाकला, ५२ हजार गेले, पण रात्री झोप लागते. आणि इन्शुरन्समध्ये क्लेम का नाही केला?

वाशिष्ठीकाठ
नाना, शेवटची ओळ वाचा हो.

डिझेलदादा
आमची २००९ ची स्विफ्ट, ३ लाख १० हजार किमी. ईसीएम कंपनीतून आला तोच. बॉनेट धुवायला लावलंच का? मी पंधरा वर्षांत ओलं फडकंसुद्धा लावलं नाही. आता झालंच आहे तर स्विफ्टचा ईसीएम बघा, ४ हजारात मिळतो. सगळं एकच इंजिन आहे, फियाटचं.

स्क्रू_दहा_बारा
दादा, काहीतरी सांगू नका, माणूस खरंच टाकेल. इंजिन एक असलं तरी स्विफ्ट ७५ पीएसची, टर्बो साधा वेस्टगेटवाला. प्रेशर वाढलं की झडप आपोआप उघडते, ईसीएमला कोणी विचारत नाही. एर्टिगा ९० पीएस, तिच्यात व्हीजीटी. टर्बोच्या आतल्या पात्या व्हॅक्यूमवर हलतात आणि किती हलायचं ते ईसीएम सोलेनॉइडमार्फत ठरवतो. स्विफ्टच्या ईसीएमला हे काम कधी दिलेलंच नाही. पात्या उघड्या राहणार आणि कुंभार्ली घाटात मागून ट्रकवाले हॉर्न मारणार.
२०१२ च्या एर्टिगाचा टर्बोपुरता चालेल. पण तो लावल्यावरही गाडी सुरू होणार नाही, कारण इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप. चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख लागते. शिवाय तुमच्या चार इंजेक्टरच्या डोक्यावर कोड कोरलेले आहेत, ते नव्या ईसीएममध्ये भरावे लागतात. नाही भरले तर चालते, पण आयडलला खडखड आणि धूर.
सगळ्यात मोठी गोष्ट एसएचव्हीएस. २०१२ मध्ये ते नव्हतंच, एर्टिगाला २०१५ च्या शेवटी आलं. तुमच्या गाडीत वेगळा अल्टरनेटर नाही, आयएसजीच (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेली मोटर) चार्जिंग करतो. जुन्या ईसीएमला आयएसजी म्हणजे काय तेच माहीत नाही.

मराठी_असे
सूचना: ईसीएम, ईसीयू असं कानाला बोचणारं लिहिण्यापेक्षा "इंजिनाचा संगणक" म्हणावं.

डिझेलदादा
कुर्ल्यात जाऊन "संगणक द्या" म्हणा, लॅपटॉप देतील.

मराठी_असे
थट्टा करणं सोपं आहे. आमचा मेकॅनिक त्याला "मेंदू" म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

नाना_कोथरूड
मेंदू छान आहे. पण मेंदू जुना बसवू नये. नवीनच घ्या.

अमृता_जी
मी गाड्यांतली जाणकार नाही, पण आमच्या पुंटोला तिघांनी "ईसीयू गेला" सांगितलं होतं. चौथ्याने आधी टेस्ट लॅम्प घेऊन ईसीयूपर्यंत १२ व्होल्ट आणि अर्थ पोचतो का ते पाहिलं. मेन रिले जळलेला निघाला. २८० रुपये. स्कॅनर बोलत नाही याचा अर्थ ईसीयू मेला असाच नसतो, त्याला करंटच नसेल तर तो काय बोलणार? सॉकेटच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्यात का?

वाशिष्ठीकाठ
ताई, रिले बदलून पाहिला, अर्थही नीट आहे. क्लीनर मारला, दोन पिना ब्रश लावताच तुटून हातात आल्या.

डिझेलदादा
ब्रश कोणता लावला?

उद्यमनगर_७
कोल्हापुरातून. ईसीएम नका बदलू, क्लोन करा. तुमच्या ईसीएमवर स्टिकर असेल, ३३९२० ने सुरू होणारा नंबर. हुबेहूब तोच नंबर असलेला, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळणारा, जुना ईसीएम शोधा. रिपेअरवाला तुमचा डबा उघडून मेमरीतला सगळा डेटा त्यात उतरवतो. इमोबिलायझरचा कोड, इंजेक्टरचे कोड, सगळं त्यातच येतं. चावी जुनीच चालते, कुठे काही रजिस्टर करायला लागत नाही. पिना तुटल्या तरी मेमरी शाबूत असते बहुतेक वेळा. माझ्या गाडीला डब्याचे सहा आणि क्लोनचे साडेतीन हजार गेले, दीड वर्ष झालं. जेल भरलेला असतो आत, तो उकरताना बोर्डाला ओरखडा गेला तर खेळ खलास, म्हणून कुणाही मोबाइलवाल्याकडे देऊ नका.

स्क्रू_दहा_बारा
+१. धागा इथेच बंद व्हायला हरकत नाही.

नाना_कोथरूड
क्लोन म्हणजे डुप्लिकेटच ना? मी म्हणतो नवीन...

पेट्रोलप्रेमी
म्हणूनच डिझेल घेऊ नये. एप्रिल २०२० ला मारुतीने स्वतः सोडलं.

डिझेलदादा
तुझा ॲव्हरेज सांग आधी.

(मधले ११ प्रतिसाद ॲव्हरेजचे आहेत, एर्टिगावाल्यांनी खाली या. - उद्यमनगर_७)

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार. उद्यमनगर दादा, त्या नंबरचा ईसीएम कराड, पुणे सगळीकडे विचारला, मिळतोय तो १४ च्या पुढे. शनिवारी मेहुणे आले आणि भंगारवाल्याकडून २०१२ चा पूर्ण सेट घेऊनच आले: ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि त्या गाडीची चावी. घासाघीस करून साडेदहा हजार. चावीतली चिप काढून स्टेअरिंगखाली कॉइलला काळ्या टेपने चिकटवली, म्हणजे माझीच चावी फिरते. दुसऱ्या सेल्फला सुरू झाली!! बायकोने नारळ फोडला. घाटात ओढतेय पूर्वीसारखी.

स्क्रू_दहा_बारा
इंजेक्टरचे कोड भरले का? आणि बॅटरीचा दिवा?

वाशिष्ठीकाठ
कोड पुढच्या आठवड्यात. थोडी खडखडते, पण डिझेलच आहे. बॅटरीचा दिवा लागलेला असतो, हे खरं. कराडला जाऊन आलो, येताना हेडलाइट मंद झाले म्हणून पाटणला चहाच्या टपरीवर थांबून उजेड व्हायची वाट पाहिली.

उद्यमनगर_७
चार्ज होत नाहीये. काढा तो सेट. अजूनही परत घेईल तो.

वाशिष्ठीकाठ
मेहुण्यांनी आणलाय हो, परत कसा देणार. रोज रात्री चार्जर लावून ठेवतो, सकाळी ठणठणीत असते. सध्या शेजाऱ्याचा आणलाय, तो मागतोय. घरी वापरायला १२ व्होल्टचा चांगला चार्जर कोणी सुचवेल का? बजेट १५०० रुपये.

नाना_कोथरूड
माझ्याकडे ६८०० चा आहे. डोळे झाकून घ्या.