शाका झुलूचा आखूड भाला आणि शिंगांची रचना: मापं हवीत

सराटा_जालना: नववीच्या पोरांचं इतिहास प्रदर्शन आहे, विषय शाका, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा राजा. एक भाला, एक ढाल आणि साठ पोरांचं मैदानी प्रात्यक्षिक एवढं ठरलंय. फलकाच्या कच्च्या मसुद्यात 'शाकाने भाला शोधला, पायतानं काढून सैन्याला काट्यांवर नाचवलं, गोक्ली टेकडीवर पाच हजारांनी दहा हजारांना हरवलं' असं लिहिलंय. यातलं काय ठेवावं? भाला-ढालीची मापं काय? आणि साठ जण कसे वाटायचे?

देवणी_वळू: आधी 'शोधला' खोडा. भोसकायचे भाले त्या भागात अगोदरपासून होते. शाकाने जोर दिला तो जवळून लढण्यावर. फेकायचा भाला सहा फुटांच्या आसपास. तो एकदा फेकला की हात रिकामा, आणि समोरचा तोच उचलून परत मारतो. इक्ल्वाचा, म्हणजे शाकाच्या आखूड भाल्याचा, दांडा दोन-अडीच फूट, पातं रुंद आणि फूटभर, काही नमुन्यांत दीड फुटापर्यंत. तो हातातून सोडायचाच नाही.

पात्याचं शेपूट दांड्याच्या भोकात झाडाच्या चिकाने बसवत, वरून ओली साल गुंडाळत आणि त्यावर वासराच्या शेपटीची कातडी नळीसारखी चढवत. वाळली की ती आवळते. तुम्ही पातं जाड पुठ्ठ्याचं करा, टोक गोल ठेवा. दांड्याला बांबू नको, पेरं उठून दिसतात. सुबाभळीची सरळ काठी सोलून घ्या. सांध्याला सुतळी ओली करून गुंडाळायची. कोरडी गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी पातं डुगडुगतं.

ढाल, म्हणजे इसिहलांगू, साडेचार फुटांच्या घरात, लांबट अंडाकृती. मधोमध उभ्या चिरांच्या दोन ओळी. त्यांतून उलट रंगाच्या कातड्याच्या पट्ट्या ओवायच्या आणि मागून काठी सरकवायची. मूठ त्या काठीचीच. बहुतेक जण चिरा नुसत्या रंगवतात, मग काठी धरायला काही राहत नाही आणि ढाल मधेच मुडपते. रंगही मनाने देऊ नका. कातड्याच्या रंगावरून पलटण ओळखू यायची. एका पथकाला पांढरी, दुसऱ्याला काळी, तिसऱ्याला आपल्या देवणी गाईसारखी काळीपांढरी, असं ठेवा.

पूर्णाकाठ: रचनेचं नाव इम्पोंदो झान्कोमो, म्हणजे बैलाची शिंगं. छाती समोरून भिडते, दोन शिंगं दोन्ही बाजूंनी वळून घेरतात. छातीला 24, दोन्ही शिंगांना 12-12, कमरेला म्हणजे राखीव 12. छातीत अनुभवी पलटणी, शिंगांत पळणारी तरणी पोरं. राखीव लोक लढाईकडे पाठ करून बसत असं सांगतात, म्हणजे हुरळून मधेच घुसायचं नाही.

प्रात्यक्षिक फसतं ते छातीच्या घाईने. छाती आधी भिडली की समोरचे मागे सरतात आणि शिंगं मिटायच्या आत निसटतात. म्हणून छातीने चालत यावं आणि शिंगांनी शिट्टीबरोबर पळत सुटावं. एक शिंग उघडं दाखवा, दुसरं शाळेच्या भिंतीआडून आणा. 22 जानेवारी 1879 ला इसांडलवानाला झुलू-इंग्रज लढाईत असंच झालं. उजवं शिंग डोंगरामागून येऊन इंग्रजांच्या परतीच्या वाटेवर उतरलं. डावं मात्र एका ओढ्यापाशी गोळीबारात बराच वेळ अडकलं होतं. ती लढाई सेत्श्वायो या नंतरच्या झुलू राजाच्या काळातली हं, शाकाला जाऊन पन्नास वर्षं झाली होती. फलकावर दोघांची सरमिसळ नको.

पागा_आणि_खोगीर: भाला-शिंगं ठीक, पण फलकाचा मोठा भाग अमाबुथोला, म्हणजे वयानुसार बांधलेल्या पलटणींना द्या. खरी ताकद तिथं होती. एका वयाची पोरं गोळा करून त्यांची पलटण बांधायची आणि राजाच्या छावणीत ठेवायची. राजाने परवानगी देईपर्यंत लग्न नाही. पोरगा आपल्या गावच्या सरदाराचा राहतच नाही, राजाचा होतो. अशा पलटणी शेजारच्या म्थेथ्वा टोळीचा राजा डिंगिस्वायो याच्याकडेही होत्या, आणि शाका त्याच्याच फौजेत तयार झाला. त्याने ती पद्धत घट्ट आवळली, एवढं श्रेय पक्कं.

ढालीसुद्धा राजाच्या गुरांच्या कातड्याच्या, राजाच्या कोठारातल्या. आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारचा मिळायचा. शाकाची सगळी फौज बारगीर समजा. लुटीची गुरं राजाकडे जायची आणि तोच वाटायचा.

चढतीचा क्रम असा: सुमारे 1816 ला बाप सेन्झांगाखोना गेला आणि डिंगिस्वायोच्या पाठबळावर शाकाने लहानशी झुलू गादी घेतली. पुढे वर्षा-दोन वर्षांत न्द्वान्द्वे या शत्रू टोळीचा राजा झ्विडे याने डिंगिस्वायोला मारलं. म्थेथ्वांची माणसं शाकाने आपल्यात ओढली आणि 1819 च्या सुमारास म्हलाथुझे नदीकाठी झ्विडेचा मोड केला. पडतीही याच फौजेतून आली. 1828 ला दक्षिणेची मोहीम उरकून आलेल्या सैन्याला दम न घेऊ देता त्याने उत्तरेला धाडलं. ते लांब असताना सप्टेंबरमध्ये डिंगाने, म्हलांगाना या सावत्र भावांनी आणि म्बोपा या कारभाऱ्याने त्याला मारलं.

सराटा_जालना: पागा सर, शिलेदार-बारगीर पोरांना लगेच कळेल, घेतो. मग काटे आणि गोक्ली?

पागा_आणि_खोगीर: काट्यांची गोष्ट 'असं सांगतात' म्हणून कोपऱ्यात. गोक्लीचे आकडे काढाच. तो तपशील विसाव्या शतकातल्या एका लोकप्रिय चरित्रामुळे पसरला आणि अभ्यासक त्यावर विश्वास टाकत नाहीत.

पूर्णाकाठ: तिथं जागा उरली तर 16 डिसेंबर 1838 टाका. न्कोमे नदीकाठी झुलूंशी लढताना बोअरांनी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी, गाड्या एकीला एक जोडून रिंगण केलं आणि आतून बंदुका-तोफा चालवल्या. रिंगणाला बाजूच नाही, शिंगं वळवणार कुठं? शाकानंतर राजा झालेल्या डिंगानेची तीन हजारांच्या आसपास माणसं पडली. बोअरांचे तिघे जखमी झाले, मेला कोणीच नाही. पोरांना हेही करून दाखवायचं तर मधे सहा बाकं गोल लावा आणि त्याच साठ जणांना परत सोडा.