पोलीस ठाण्यातलं समुपदेशन: आधी नोंद की आधी समजूत?

रानजाई

मागच्या पावसाळ्यात मावसबहिणीला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेले होते. रात्रीचे साडेदहा झाले असतील. तिच्या दंडावर पट्ट्याचे वळ उठलेले, ओढणी त्यावरून घट्ट लपेटलेली. ठाणे अंमलदार सज्जन होते. खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज चढवला नाही. मग म्हणाले, "ताई, गुन्हा दाखल झाला की संसार संपला. आधी समुपदेशन करून बघा. सोमवारी त्यांना बोलावून घेऊ."

घरी परतलो तेव्हा हातात कागदाचा कपटाही नव्हता. दवाखान्यात जाऊन वळांची नोंद करून घ्या, असंही कुणी सांगितलं नाही. पहिल्या सोमवारी तो आला नाही. दुसऱ्या सोमवारी आला, मान खाली घालून बसला आणि हमीपत्र लिहून दिलं, "यापुढे त्रास देणार नाही." त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर बहिणीची सही घेतली, "माझी काही तक्रार नाही."

दिवाळीच्या आत पुन्हा मारहाण झाली. या वेळी वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिल्या वेळचा पुरावा मागितला. वळ केव्हाच गेले होते. ठाण्यात एकच कागद होता आणि तो सांगत होता की तिची काही तक्रार नाही.

म्हणून हा विषय काढतेय. आपल्याकडे भरोसा सेलचं कौतुक होतं. नागपूरला २०१७ मध्ये सुरू झाला, मग पुणे आणि इतर शहरांत. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना समुपदेशक, वकील, पोलीस एकाच छताखाली मिळावेत ही कल्पना मलाही मनापासून पटते. पण समजूत घालणं हे नोंदीच्या आधी येता कामा नये. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, त्याचं कलम ५ सरळ आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलिसांनी सांगायचं असतं की तुला संरक्षणाचा आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील मिळतो आणि दंडविधानाच्या ४९८अ खाली सासरच्या छळाचा गुन्हाही नोंदवता येतो (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). यातलं एकही वाक्य त्या रात्री आमच्या कानावर पडलं नाही. संसार वाचवा, एवढं मात्र तीनदा ऐकलं.

निवृत्तबीट

ताई, तुमच्या बहिणीच्या बाबतीत चूक झाली. दवाखान्याची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं ठाण्याचं पत्र, देऊन तिला सरकारी रुग्णालयात पाठवायला हवं होतं, त्यात दुमत नाही. पण सगळ्या ठाण्यांना एकाच मापाने मोजू नका.

एकतीस वर्षं खात्यात काढली, शेवटची सहा महिला कक्षात. समोर बसलेल्या बाईचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असायचं, "साहेब, त्याला दम द्या, केस नको." ती खोटं बोलत नसते. तिला त्याच घरात झोपायचं असतं, मुलांची शाळा त्याच गल्लीत असते. आणि गुन्हा नोंदवला म्हणजे काय होतं? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलंय. ४९८अ ला कमाल तीन वर्षं. म्हणजे हजर राहण्याची नोटीस दिली की माणूस संध्याकाळी घरी. त्या घरात ती आहे. तिला ठेवायचं कुठे? खाकीतल्या माणसाने नवऱ्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, तर पुढचे चार महिने हात उठत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातबारा

मी थोडं वेगळं आणि कडवट लिहितोय, माफ करा. माझ्या भावाच्या प्रकरणात तक्रारीत आई, वडील आणि लग्न होऊन परगावी राहणारी बहीणसुद्धा होती. बहीण त्या घरात वर्षातून दोनदा यायची. वडील बहात्तर वर्षांचे, ठाण्याच्या बाकावर दिवसभर बसून होते. शेवटी दोघांचं एकमताने घटस्फोटावर आलं, तेही एका समुपदेशकामुळे, आणि तोवर अडीच वर्षं गेली होती. तो समुपदेशक पहिल्या आठवड्यात भेटला असता तर?

न्यायालयांनाही हे दिसतंय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. दोन महिने अटक नाही, प्रकरण आधी कुटुंब कल्याण समितीकडे. मग समजुतीला वेळ देणं गैर कसं?

तालुक्याचा वकील

सातबारा, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. दूरच्या नातेवाइकांना सरसकट गोवण्याबद्दल न्यायालयांनी अनेकदा फटकारलंय आणि ते रास्तच आहे. पण तुम्ही दिलेला निकाल नीट वाचा. दोन महिन्यांची मुदत गुन्हा नोंदल्यानंतरची आहे. समिती नोंदीच्या जागी येत नाही, नोंदीनंतर येते. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीची मुभा दिली, तिथेही अट हीच आहे की आलेली माहिती आणि चौकशीचा निर्णय स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहिला पाहिजे. तोंडी "सोमवारी या" याला कशातही आधार नाही.

रानजाईंच्या बहिणीच्या त्या सहीबद्दल दोन ओळी. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात समुपदेशन आहे, कलम १४, पण ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होतं. २००६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की समुपदेशनात समोरच्याला हिंसेचं समर्थन करताच येणार नाही आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची. बाईने "तक्रार नाही" लिहून द्यायचं, हे त्यात कुठेच नाही. ठाण्यात मात्र मी ते वाक्य इतक्या कागदांवर वाचलंय की आता फाईल उघडली की आधी तीच ओळ शोधतो. चार वर्षांचा मार त्या ओळीने उलटतपासणीत पुसला जातो.

वडाची सावली

मी अडुसष्ट वर्षांची बाई आहे. माझी गोष्ट नवऱ्याची नाही, मुलाची आहे. पेन्शनचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, पिन त्याच्याकडे. विचारलं की दार आपटायचा, एकदा ताट फेकलं. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा आहे, प्रांतांकडे अर्ज करता येतो, सगळं शेजारणीने सांगितलं. पण मला पोटच्या पोरावर कागद करायचा नव्हता. अजूनही नाही.

ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी काहीही लिहून न घेता बीटवरच्या शिपायाला सांगितलं. तो पोरगा दर रविवारी अकराच्या सुमारास यायचा. "काय आजी, बरं आहे ना?" एवढंच विचारायचा, चहा घ्यायचा, मुलाशी क्रिकेटवर बोलायचा आणि जायचा. तिसऱ्या रविवारी कार्ड माझ्या पोथीखाली ठेवलेलं सापडलं. त्या दिवशी नोंद झाली असती तर मुलगा कायमचा तुटला असता. रानजाई, तुझं म्हणणं खरं आहे, पण प्रत्येकीवर नोंदीची सक्ती करू नकोस ग.

माणदेशी

तुम्ही सगळे शहरातली चर्चा करताय. आमच्या तालुक्यात भरोसा सेल नाही, जिल्ह्याच्या गावाला आहे. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण सत्तर किलोमीटर जायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि गाडी पकडताना सगळा फाटा बघतो. गावात कोण आहे? पोलीस पाटील, तो भावकीतला. तंटामुक्ती समिती, २००७ मध्ये आर. आर. आबांनी मोहीम आणली तेव्हा बांधाचे तंटे खरंच मिटले, मी नाकारत नाही. पण बाईच्या मारहाणीला बांधाच्या तंट्यासारखं मिटवायचं नसतं. आमच्याकडे "तंटा मिटला" म्हणजे पोरगी पुन्हा नांदायला पाठवली. ११२ ला फोन केला तर गाडी येते, पण येईस्तोवर बाहेरची कडी लागलेली असते.

रानजाई

सगळ्यांचं वाचलं. वडाची सावली, तुमचा तो रविवारचा शिपाई डोळ्यांसमोरून जात नाही. असं ठाणं मला कुणीही दिलं तर हवंच आहे. सक्ती मलाही नको. बाईला गुन्हा नको असेल तर नको. पण ती आली होती, काय सांगत होती, अंगावर काय होतं, एवढं लिहिलं गेलंच पाहिजे आणि त्याची पोच तिच्या हातात पडली पाहिजे. उद्या तिचं मन बदललं तर आजचा दिवस कुठेतरी शिल्लक राहावा.

दुसरी गोष्ट, समजूत घालणारी व्यक्ती पोलीस नसावी. हे नवं नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायचं पोलिसांच्या इमारतीत, पण काम करायच्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. पोलिसांचा वचक शेजारी असायचा, पण बाईशी बोलणाऱ्या व्यक्तीवर प्रकरण मिटवून टाकायचा दबाव नसायचा. पुढे ते काम राज्यभर गेलं. माणदेशी, ते तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचावं, आठवड्यातून एक दिवस का होईना, हेच मागायला हवं. आणि किती समेट झाले यावर कक्षाचं काम मोजणं आधी बंद करा.

निवृत्तबीट, तुम्हाला एक विचारायचंय. ती सही, "माझी काही तक्रार नाही", ती कशासाठी घेतात?

निवृत्तबीट

अर्ज निकाली काढायला. ती ओळ असल्याशिवाय अर्ज दप्तरी दाखल करता येत नाही आणि महिनाअखेरीला वरून प्रलंबित अर्जांचा आकडा मागतात. आमच्याकडे टाइप केलेला नमुनाच होता, फक्त नाव आणि तारीख भरायची. मी त्यावर किती सह्या घेतल्या ते आता सांगता येणार नाही. बऱ्याच बायकांना मी ती ओळ वाचूनसुद्धा दाखवली नाही. "इथे सही करा ताई" म्हणायचो, त्या करायच्या.

त्या जागी "तक्रार कायम आहे, सध्या गुन्हा नोंदवायचा नाही" असं लिहिलं असतं तरी समेट तसाच झाला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

बहिणीच्या वकिलांना सांगा, त्या रात्रीची स्टेशन डायरीतली नोंद न्यायालयामार्फत मागवा. तारीख आणि साडेदहाची वेळ अर्जात घाला. अंमलदार सज्जन होते म्हणता, तर निदान "दोन महिला आल्या होत्या" एवढं तरी लिहिलं असेल. आणि सोमवारी बोलावलं म्हणजे समजपत्र गेलं असणार, त्याचा जावक क्रमांक असतो. तो शोधायला सांगा.