ऑफिसच्या आतल्या नावांचा डीएनएस फायरवॉलवर ठेवावा का?

रात्रपाळी
साठेक संगणक, चार-पाच सर्व्हर, तीन प्रिंटर. एवढ्या पसाऱ्यासाठी वेगळा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) नको, फायरवॉल ते काम उत्तम करते, असं माझं ठाम मत आहे. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या फायरवॉल प्रणालींमध्ये अनबाउंड हा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारा प्रोग्राम) आधीपासूनच असतो, संगणकांना आपोआप पत्ते वाटणारा डीएचसीपीही तिथूनच देता येतो. होस्ट ओव्हरराइडमध्ये, म्हणजे हाताने भरायच्या नावांच्या यादीत, फाइल सर्व्हरचं नाव आणि आयपी लिहिला की झालं. आपलंच बाहेरून दिसणारं पोर्टल आतून उघडायला हेअरपिन नॅटची (आतली वाहतूक बाहेरच्या पत्त्यावरून वळवून परत आत आणण्याची) कसरतही उरत नाही, कारण आतल्या माणसाला थेट आतला पत्ता मिळतो. वेगळा सर्व्हर म्हणजे आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे पॅच, तिचा बॅकअप. दोघांच्या आयटी विभागात तिच्याकडे बघणार कोण? आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तेच एके दिवशी घात करतं.

पोर्ट५३
असहमत. फायरवॉल पडली की इंटरनेट जाणार, हे लोक समजून घेतात. पण एकाच व्हीलॅनमधला (नेटवर्कच्या एकाच वेगळ्या केलेल्या भागातला) संगणक आणि प्रिंटर यांच्यातली वाहतूक स्विचवरूनच होते, फायरवॉलपर्यंत जातच नाही. नावं तिथे ठेवली की हे चालू असलेलं कामही बंद पडतं.

माझ्यावर ही वेळ आली आहे. फर्मवेअर अपडेटनंतर फायरवॉल दोन तास उठलीच नाही. सर्व्हर चालू, प्रिंटर चालू, केबल ठीक, आणि तरी लेखा विभागाची बिलं छापता येईनात. कागदावर आयपी लिहून मी टेबलाटेबलावर फिरलो. त्या दिवसापासून आतल्या डीएनएसची दोन छोटी व्हर्च्युअल मशिन आहेत, दोन वेगळ्या होस्टवर. महिन्याकाठी अर्धा तास जातो, तो मी आनंदाने देतो.

रात्रपाळी
तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. आमच्याकडे सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये, माणसं दुसऱ्या, प्रिंटर तिसऱ्या. मधलं राउटिंग फायरवॉलच करते. ती पडली की नाव कळून तरी पोचणार कुठे? दोन फायरवॉलची जोडी लावणं हाच त्यावर उपाय, आणि ती जोडी असेल तर डीएनएसही तिच्यासोबत तरतो.

पोर्ट५३
राउटिंगचा मुद्दा मान्य. मग सुरक्षेचं बघा. रिझॉल्व्हर दिवसभर बाहेरून आलेली, कुणीही रचलेली उत्तरं उलगडत असतो. २०१७ साली डीएनएसमास्क या डीएनएस प्रोग्राममध्ये सात त्रुटी उघड झाल्या, त्यांतल्या काही दुरून कोड चालवू देणाऱ्या होत्या. ज्या यंत्राच्या हाती सगळ्या दारांच्या किल्ल्या आहेत, त्यावर असं काम कमीत कमी असावं.

मूळझोन
दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नाही: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) आहे का? असेल तर वाद तिथेच मिटतो. डोमेनमधला संगणक लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) शोधतो तो डीएनएसमधल्या, सेवा कुठे आहे ते सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदींतून, आणि स्वतःची डीएनएस नोंद केर्बेरॉस या पद्धतीने ओळख पटवून स्वतःच बदलतो. होस्ट ओव्हरराइडच्या हाती भरलेल्या यादीला यातलं काही जमत नाही. तिथे क्लायंटना डोमेन कंट्रोलरचाच डीएनएस द्यायचा आणि बाहेरचे प्रश्न त्याने फायरवॉलकडे पाठवायचे.

याहून जास्त घरं मी दुसऱ्या चुकीने बुडालेली पाहिली आहेत. डीएचसीपीमध्ये पहिला डीएनएस आतला आणि दुसरा, 'असू दे आधाराला' म्हणून, गूगलचा ८.८.८.८. लोकांना वाटतं, पहिला पडला तरच दुसरा. पण पहिल्याला एकदा उशीर झाला की क्लायंट दुसऱ्याकडे वळतो, आणि कित्येकदा तिथेच रेंगाळतो. बाहेरच्या सर्व्हरला तुमचं आतलं नाव ठाऊक नसतं. तो 'असं नावच नाही' असं ठाम उत्तर देतो, क्लायंट ते खरं मानतो, आणि वर ते कॅशेतही (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. मग एकाच टेबलावर एकाचा शेअर (सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) उघडतो, शेजाऱ्याचा नाही, आणि तुम्ही केबल बदलत बसता. दुसरा डीएनएस द्यायचा तर तोही आतली नावं जाणणाराच हवा. फायरवॉल एकटी असेल तर हा दुसरा आणणार कुठून? माझ्या मते रात्रपाळींच्या मांडणीतली खरी कच्ची बाजू ही आहे.

रात्रपाळी
आमच्याकडे डिरेक्टरी नाही, सगळे लिनक्स सर्व्हर. पण दुसरा डीएनएस बाहेरचाच दिलेला आहे, हे कबूल करतो. आणि 'अधूनमधून नाव सापडत नाही' ही तक्रारही येते. मी ती वायफायवर ढकलत होतो.

मूळझोन
आज तो काढून टाका. आणखी एक तपासा: पीएफसेन्समध्ये जुन्या आयएससी डीएचसीपी सर्व्हरसोबत लीजची (मुदतीसाठी दिलेल्या पत्त्यांची) नावं डीएनएसमध्ये नोंदवायचा पर्याय चालू असेल, तर लीज नोंदवताना अनबाउंड पुन्हा सुरू होतो. त्या क्षणी उत्तर नाही आणि कॅशेही रिकामी. सर्व्हर-प्रिंटरना ठरावीक पत्ते देऊन तो पर्याय बंद करा.

पोर्ट५३
आतल्या डोमेनचं नाव काय ठेवलंय? डॉट लोकल असेल तर तेही बदला. २०१३पासून ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (यंत्रांनी सर्व्हरशिवाय एकमेकांनाच नावं विचारण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे आणि लिनक्सवर हमखास गोंधळ होतो. डॉट इंटर्नल २०२४मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने) खाजगी वापरासाठी राखून ठेवलं आहे.

रात्रपाळी
डॉट लोकलच आहे. दुसरा डीएनएस आज रात्री काढतो, नाव बदलायला मात्र सगळी सर्टिफिकेटं नव्याने काढावी लागतील. रिझॉल्व्हर फायरवॉलवरच राहील, पण त्याची एक जोडी फाइल सर्व्हरच्या होस्टवर उभी करतो. दोन्हीकडच्या नोंदी एकसारख्या ठेवायला तुम्ही काय वापरता?

पोर्ट५३
एकच मजकूर फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत). बदल तिथे करायचा, आणि स्क्रिप्ट दोन्हीकडे पोचवते. फायरवॉलच्या पडद्यावर हाताने काहीही लिहायचं नाही.